तीन विद्यार्थिनी, एक मास्तर : सायरस पिअर्स आणि अमेरिकेतलं पहिलं सरकारी नॉर्मल स्कूल

खडू_आणि_डस्टर

माझे आजोबा व्हर्नाक्युलर फायनल झाले आणि मग ट्रेनिंगला गेले. त्यांच्या पिढीतली माणसं ट्रेनिंग कॉलेजला 'नॉर्मल स्कूल' म्हणायची. लहानपणी मला प्रश्न पडायचा, मग बाकीच्या शाळा काय अ‍ॅबनॉर्मल? पुढं मीच अध्यापक विद्यालयात सव्वीस वर्षं काढली, पाठ टाचणं (प्रत्येक तासाचे लेखी आराखडे) तपासून लाल पेनं संपवली आणि रिटायर झाल्यावर या 'नॉर्मल'चा माग काढायला बसलो.

नॉर्म म्हणजे कित्ता. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत १७९४ साली पॅरिसात शिक्षक घडवायची शाळा काढायचं ठरलं, तिचं नाव एकोल नॉर्माल. कित्ता गिरवून घ्यायची शाळा. तोच शब्द एका बाजूनं अमेरिकेत गेला आणि दुसऱ्या बाजूनं साहेबाबरोबर आपल्याकडं आला.

हा माग काढताना एक मास्तर भेटला आणि मी तिथंच अडकलो. सायरस पिअर्स. अमेरिकेतल्या पहिल्या सरकारी नॉर्मल स्कूलचा पहिला प्राचार्य. आपल्याकडं बी.एड.च्या पुस्तकात होरेस मॅनचं नाव एका ओळीत उरकतात. पिअर्सला ती ओळसुद्धा मिळत नाही.

जन्म १५ ऑगस्ट १७९०, मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थमचा. १८१० साली हार्वर्डमधून पदवी. मग नॅन्टकेट बेटावर मास्तरकी. हे बेट तेव्हा देवमाशांच्या शिकारीवर जगणारं, पुरुष वर्षानुवर्षं समुद्रावर आणि गाव चालवणाऱ्या बायका. तिथंच हॅरिएट कॉफिन ही त्याची विद्यार्थिनी, तिच्याशी १८१६ मध्ये लग्न. मधली काही वर्षं त्यानं नॉर्थ रीडिंग इथं धर्मोपदेशक म्हणून काढली, पण ते काही जमलं नाही. गडी परत नॅन्टकेटला, परत खडू हातात. तिथल्या त्याच्या शाळेत मारिया मिचेल नावाची मुलगी शिकली, पुढं त्याच्याच हाताखाली तिनं शिकवलंही. १८४७ मध्ये दुर्बिणीतून धूमकेतू शोधणारी ती हीच.

१८३८ मध्ये बेटावर सार्वजनिक हायस्कूल निघालं आणि पिअर्स त्याचा मुख्याध्यापक झाला. होरेस मॅन तेव्हा मॅसॅच्युसेट्सच्या नव्याकोऱ्या शिक्षण मंडळाचा सचिव. गावोगाव फिरून शाळा बघायचा, आणि बहुतेक ठिकाणी बघून हताश व्हायचा. नॅन्टकेटला पिअर्सचा वर्ग बघितला आणि माणूस हेरून ठेवला.

त्याच वर्षी एडमंड ड्वाइट नावाच्या व्यापाऱ्यानं दहा हजार डॉलर देऊ केले. अट एकच, तेवढेच पैसे सरकारनंही घालायचे. सरकारनं घातले. या वीस हजारांत तीन नॉर्मल स्कूलं काढायची ठरली: लेक्झिंग्टन, बॅरे, ब्रिजवॉटर. पैकी लेक्झिंग्टनची फक्त मुलींसाठी. तिथं यायला मॅननं पिअर्सला गळ घातली. वय अठ्ठेचाळीस. बेटावर बस्तान बसलेलं, मान होता, शाळा चांगली चालली होती. आपल्याकडचा मुख्याध्यापक अशा वेळी 'घरी विचारून सांगतो' म्हणाला असता. पिअर्स आला.

३ जुलै १८३९. लेक्झिंग्टनच्या मैदानाच्या कोपऱ्यावरची इमारत. मंडळाचे तीन सदस्य प्रवेश परीक्षा घ्यायला हजर. आणि परीक्षेला आलेल्या मुली किती? तीन. पिअर्सनं रोजनिशीत तिघींची आडनावं नोंदवलीत: हॉकिन्स, स्मिथ, डेमन. देशातलं पहिलं नॉर्मल स्कूल आज सुरू झालं, अमुक अमुक परीक्षकांनी तिघींना घेतलं. बस, एवढंच. उद्घाटनाचं भाषण नाही, नारळ नाही, फीत नाही.

पहिली तिमाही संपेतो पट डझनाच्या आसपास गेला. मुलींचं वय किमान सोळा, शिक्षिका होण्याचा इरादा आहे असं सांगायचं आणि निदान वर्षभर राहायचं. इमारत मोठी, मास्तर एकच. सगळे विषय तोच शिकवी. शेकोट्या पेटवणं, बर्फ उपसणं हेही तोच करी. रात्री पुरती झोप नाही. 'यात अपयश येण्यापेक्षा मेलेलं बरं' असं तो म्हणाल्याचं त्याचे स्नेही सांगत. पुढं तो खरंच मरायला टेकला, ते खाली येईलच.

आता मला जे सांगायचंय ते. आपण डी.एड.ला 'सराव पाठ' म्हणतो, 'निरीक्षण' म्हणतो, 'पाठानंतरची चर्चा' म्हणतो. हे सगळं जणू परिपत्रकातून टपकलं असं आपल्याला वाटतं. पिअर्सनं हे तीन-चार महिन्यांत, हातात काही नसताना, तिथल्या तिथं करून पाहिलं.

त्यानं शेजारी एक सराव शाळा काढली. गावातल्या वेगवेगळ्या भागांतून निवड न करता आणलेली तीस मुलं, मुलगे आणि मुली, वय सहा ते दहा. फी नाही. आधी त्यानं स्वतः घडी बसवली आणि मग शाळा विद्यार्थिनींच्या ताब्यात दिली. एक मुख्य, दोन मदतनीस, महिनाभर. मग दुसरी पाळी. दिवसातून दोनदा पिअर्स तिथं जायचा, अर्धा ते एक तास. कधी नुसता बसून बघायचा, कधी एकीचाच पाठ कान देऊन ऐकायचा, कधी खडू स्वतः घ्यायचा आणि तिला बाकावर बसवायचा. तास संपल्यावर सगळ्यांना जमवून काय बघितलं ते बोलायचा. काय बरोबर, काय चुकलं, शिस्त कशी होती, बोलणं कसं होतं.

त्याच्या स्वतःच्या वर्गातही उलटापालट चाले. आज विद्यार्थिनी, उद्या तीच शिक्षिका, आणि टीका करायला कधी तो, कधी मैत्रिणी. एखाद्या धड्याचं कधी प्रश्नोत्तर, कधी गप्पा, कधी एकीनं उभं राहून सगळ्या धड्याचं सार सांगायचं, कधी ते लिहून आणायचं. छडीला त्याचा विरोध. आणि रोज संध्याकाळी निरोप देताना एकच वाक्य: 'सत्याला धरून जगा.'

तरीही त्याची रोजनिशी वाचली तर हा माणूस खूश कधीच दिसत नाही. मुली पुस्तकाला चिकटून बसतात. पाठ करतात, उलगडून सांगता येत नाही. स्पेलिंग कच्चं. येतात शिक्षिका व्हायला आणि प्राथमिक विषयच नीट झालेले नसतात, त्यामुळं शिकवण्याची कला शिकवायची ती बाजूलाच राहते, आधी अंकगणितच शिकवत बसावं लागतं. हे वाचलं आणि मी मोठ्यानं हसलो. बायको आतून विचारायला आली.

१८४२ मध्ये तब्येतीनं दगा दिला आणि त्यानं राजीनामा दिला. त्याच्या जागी सॅम्युअल मे आला, गुलामगिरीविरुद्ध उघड लढणारा धर्मोपदेशक. १८४४ मध्ये शाळा वेस्ट न्यूटनला हलली, तेव्हा पिअर्स परत आला. १८४९ पर्यंत राहिला, परत प्रकृती ढासळली, आता कायमचा निरोप. त्याच वर्षी पॅरिसला शांतता परिषद भरली होती, तिला प्रतिनिधी म्हणून जाऊन आला. ५ एप्रिल १८६० रोजी वेस्ट न्यूटनलाच गेला.

एवढंच. चुका दाखवा.

ओसरी

मास्तर, सकाळच्या चहाबरोबर वाचला, चहा गार झाला. धागा वाचनखुणेत साठवला.

एक शंका. रोजनिशी त्याची, हे ठीक. पण मुलींना काय वाटायचं? 'वर्गात मी असा आणि तसा' हे मास्तरच लिहिणार असेल तर आमच्या शाळेतले सगळेच मास्तर आदर्श होते.

खडू_आणि_डस्टर

@ओसरी, बरोबर नस पकडलीत. मुलीची बाजूही आहे. मेरी स्विफ्ट नावाच्या पहिल्या तुकडीतल्या मुलीनं त्याच दिवसांची रोजनिशी ठेवली होती, आणि १९२६ मध्ये दोन्ही रोजनिश्या एकाच पुस्तकात छापल्या गेल्या. मास्तर लिहितो, आज मुली ढिल्या होत्या. मुलगी लिहिते, आज मास्तरांनी हे सांगितलं, ते सांगितलं. तासाची सगळी टिपणं इमानेइतबारे. तिच्या टिपणांवरून त्याचे तास जवळजवळ उभे करता येतात. एकाच तासाला दोन खिडक्या.

हीच मेरी स्विफ्ट पुढं बॉस्टनच्या पर्किन्स अंधशाळेत लॉरा ब्रिजमनला शिकवायला लागली. लॉराला दिसत नव्हतं, ऐकूही येत नव्हतं. हेलन केलरच्या कितीतरी आधी अशी मुलगी भाषा शिकली, ती लॉरा. पिअर्सच्या पहिल्या तुकडीतून निघून जी मुलगी अशा शिष्येपुढं बसली, तिला मास्तरानं काय दिलं असेल याचा विचार मी बरेच दिवस करतोय.

मुली त्याला 'फादर पिअर्स' म्हणत. यात सगळं आलं.

शंकासूर

माहितीपूर्ण. पण 'पहिलं' या शब्दावर माझा जुना राग आहे. सॅम्युअल हॉल नावाच्या गृहस्थानं १८२३ मध्येच व्हरमाँटमधल्या कॉन्कॉर्ड गावी शिक्षकांना तयार करणारी शाळा काढली होती. शाळा कशी चालवावी यावर १८२९ मध्ये व्याख्यानांचं पुस्तकही छापलं. मग पिअर्स पहिला कसा?

खडू_आणि_डस्टर

शंकासूर आले म्हणजे धागा जिवंत झाला.

हॉलची शाळा खासगी. सरकारी पैशानं, सरकारी मंडळाच्या देखरेखीखाली निघालेलं पहिलं ते लेक्झिंग्टनचं. म्हणून मथळ्यात 'सरकारी' घातलंय, नीट बघा. :)

आणि खरं श्रेय वाटायचंच तर चार्ल्स ब्रूक्सलाही द्यावं लागेल. हिंगहॅमचा धर्मोपदेशक. १८३४ मध्ये लिव्हरपूलहून जहाजानं घरी येताना याला हॅम्बुर्गचे डॉ. युलियुस भेटले. प्रवास एक्केचाळीस दिवसांचा, तेवढे दिवस युलियुसांनी त्याला प्रशियातल्या (जर्मन राज्य ते) शिक्षक-सेमिनाऱ्यांचं, म्हणजे शिक्षक घडवणाऱ्या शाळांचं, कौतुक ऐकवलं. ब्रूक्स उतरला तो वेडा होऊनच. पुढची तीन-चार वर्षं स्वतःच्या घोड्यागाडीनं गावोगाव जाऊन व्याख्यानं दिली. तेव्हा जहाजात वायफाय असतं तर अमेरिकेतलं शिक्षक-शिक्षण दहा वर्षं मागं पडलं असतं.

सांगलीकर_मास्तर

लेख चांगला. पण मी वेगळं बोलतो, राग मानू नये.

एकोणतीस वर्षं नोकरी झाली माझी. डी.एड.ला काय शिकलो? थर्माकोलचं मॉडेल. चार्ट पेपरला बॉर्डर. वर्गात हेतुकथन करताना फळ्यावर घटकाचं नाव लिहायचं. पहिल्या नोकरीवर वस्तीशाळेत गेलो, चार इयत्ता एका खोलीत, त्यात माझ्या सगळ्या टाचणांचा उपयोग चूल पेटवायला झाला. शिकवायला शिकलो ते शेजारच्या शाळेतल्या गुरव गुरुजींकडून, त्यांच्या वर्गाच्या दाराशी उभं राहून. ज्याला विषय येतो आणि पोरांची माया आहे, त्याला शिकवता येतं. बाकी सगळा कागद.

खडू_आणि_डस्टर

मास्तर, राग कसला. तुमचा मुद्दा १८४० चा आहे, अक्षरशः.

शाळा निघून वर्षही झालं नव्हतं. विधिमंडळाच्या शिक्षण समितीनं अहवाल दिला की शिक्षण मंडळ आणि ही नॉर्मल स्कूलं दोन्ही गुंडाळा. कारणं काय, तर ज्याला विषय येतो त्याला शिकवता येतं. अ‍ॅकॅडम्या (खासगी माध्यमिक शाळा) आणि हायस्कुलं सरकारला एक पैसा न पडता शिक्षक देतातच आहेत. आणि हे प्रशियाचं खूळ आपल्या लोकशाही मातीत कशाला. मतदान झालं. गुंडाळा म्हणणारे १८२, नको म्हणणारे २४५. त्रेसष्ट मतांनी शाळा वाचली.

पण एक सांगू? गुरव गुरुजींच्या दाराशी उभं राहून तुम्ही जे केलंत तीच पिअर्सची सराव शाळा. फरक इतकाच की तुम्ही दाराबाहेर होतात. त्यानं दार उघडलं, खुर्ची दिली, आणि गुरव गुरुजींना सांगितलं की आता तुम्ही बाकावर बसा, हा शिकवेल.

सांगलीकर_मास्तर

हे मान्य. थर्माकोल त्यात नव्हता हेही मान्य.

बॉस्टनचा_बंडू

नमस्कार मंडळी, मी बरेच दिवस वाचनमात्र होतो, पण हा धागा माझ्या घरापासून अर्ध्या तासावरचा निघाला म्हणून लॉगिन केलं.

ती इमारत अजून उभी आहे. लेक्झिंग्टनचं ते मैदान म्हणजे १९ एप्रिल १७७५ ला अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या पहिल्या गोळ्या झाडल्या गेल्या ते. पर्यटक तिथल्या पुतळ्यापुढं सेल्फी काढतात आणि कोपऱ्यावरच्या पांढऱ्या इमारतीकडं पाठ करून उभे राहतात. तिथं आता फ्रीमेसन या बंधुसंघाच्या मंडळींचं लॉज आहे. मी स्वतः पाहुण्यांना घेऊन पाच-सहा वेळा तिथं गेलो असेन. एकदाही तिकडं बघितलं नाही. कालच्या रविवारी मुद्दाम गेलो आणि रस्त्यापलीकडून नुसता बघत उभा राहिलो. मुलगी म्हणाली, 'बाबा, ती नुसती बिल्डिंग आहे.'

ही शाळा पुढं १८५३ मध्ये फ्रेमिंगहॅमला गेली आणि आज तिचं फ्रेमिंगहॅम स्टेट युनिव्हर्सिटी झालंय. आमच्या ओळखीच्या एका मराठी मुलीनं तिथूनच पदवी घेतली. तिला हा इतिहास पाठवलाय, बघू.

वेस्ट न्यूटनच्या जागेचा एक किस्सा इथं सांगितला जातो. १८४४ मध्ये लेक्झिंग्टनची जागा अपुरी पडायला लागली, वेस्ट न्यूटनला एका बंद पडलेल्या अ‍ॅकॅडमीची इमारत मिळत होती, भाव पंधराशे डॉलर. मॅनकडं पैसे नाहीत. तो जोसाया क्विन्सी या मित्राकडं गेला आणि म्हणाला, स्वर्गातली सगळ्यात वरची जागा पंधराशे डॉलरला विकाऊ आहे, कुणी गिऱ्हाईक माहीत आहे का? क्विन्सीनं पैसे दिले.

आणि नॅन्टकेटवरच्या मिडल स्कूलला आजही सायरस पिअर्सचं नाव आहे.

ओसरी

वर्गणी मागायची ही पद्धत आमच्या गणेश मंडळाला पाठवते आहे.

निशिगंधा_प

लेख मनापासून आवडला, पण एका गोष्टीवरून पटकन पुढं गेलात.

१८४९ मध्ये पिअर्स थांबला तेव्हा त्याची जागा कुणी घ्यावी असं त्याला वाटत होतं? इलेक्टा लिंकन. त्याच नॉर्मल स्कूलची माजी विद्यार्थिनी, त्याच्या हाताखालची सहायक शिक्षिका. मधल्या काळात शाळा तिनंच चालवली, म्हणजे सरकारी नॉर्मल स्कूलच्या खुर्चीत पहिली बाई बसली ती ही, हंगामी का होईना. पण कायमची खुर्ची बाईला द्यायला मंडळ तयार नव्हतं. एबेन स्टर्न्स आला. विचार करा. शाळा फक्त मुलींची. शिकणाऱ्या मुली, शिकवणाऱ्या बऱ्याचशा त्याच मुलींतून तयार झालेल्या, आणि प्राचार्य मात्र पुरुषच हवा. कायम प्राचार्य म्हणून बाई आली ती १८६६ मध्ये, अ‍ॅनी जॉन्सन. सतरा वर्षं गेली. इलेक्टा लग्नानंतर वॉल्टन झाली आणि पुढं बायकांच्या मताधिकाराच्या चळवळीत पडली. पडणारच होती.

दुसरं. सॅम्युअल मे यांच्या काळात १८४३ मध्ये मेरी माइल्स ही कृष्णवर्णीय मुलगी या शाळेतून पदवी घेऊन बाहेर पडली आणि तिनं पुढं बरीच वर्षं शिकवलं, कॅनडातही. पिअर्सच्या दुसऱ्या खेपेत, वेस्ट न्यूटनला, क्लोई ली नावाची कृष्णवर्णीय मुलगी आली. शाळेनं प्रवेश दिला, पण गावात तिला राहायला खोली कुणी देईना. शेवटी मॅन दांपत्यानं तिला आपल्या घरी ठेवून घेतलं. सरकारी कागदावर शाळा सगळ्यांना उघडी होती. गावच्या दारांचं काय?

हे आपल्यालाही नवं नाही.

खडू_आणि_डस्टर

@निशिगंधा_प, खरंच पटकन पुढं गेलो. इलेक्टाचं वाचलं होतं, लेख लांबतोय म्हणून टाळलं, आणि आता वाटतंय की मॅन-ड्वाइटचा परिच्छेद कापून तिलाच घ्यायला हवं होतं. प्राचार्य झालेल्याची चार वाक्यं आणि शाळा चालवलेलीचं एकही नाही, ही चूक मी १८४९ मधल्या मंडळाइतकीच सराईतपणे केली.

निशिगंधा_प

मान्य केलंत, म्हणून अजून एक धागा जोडते. १८३९ हे साल बघून मला अहमदनगर आठवलं. सिंथिया फरार. बॉस्टनच्या मिशन मंडळानं पाठवलेली, १८२७ च्या अखेरीस मुंबईत उतरलेली अविवाहित शिक्षिका. ज्या वर्षी लेक्झिंग्टनची शाळा निघाली त्याच वर्षी ती मुंबईहून नगरला गेली आणि १८६२ मध्ये मरेपर्यंत तिथंच मुलींच्या शाळा चालवत राहिली. जोतीरावांनी तिची नगरची शाळा पाहिली होती. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं ते नगरला फरारबाईंकडं आणि पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये, असं सांगितलं जातं. म्हणजे 'नॉर्मल' हा शब्द आपल्याकडं आला तेव्हाच एका मराठी बाईच्या नावाला येऊन चिकटलाय.

शंकासूर

फरारबाई लेक्झिंग्टनच्या शाळेत शिकल्या असतील असा अर्थ कुणी काढू नये म्हणून सांगतो: त्या भारतात आल्या तेव्हा ती शाळा जन्मालाच आली नव्हती. गाव वेगळं, वाट वेगळी. फरार न्यू हॅम्पशरच्या.

अवांतर: आपल्याकडच्या यादीत कृष्णशास्त्री चिपळूणकरांना विसरू नका. निबंधमालाकारांचे वडील म्हणून लोक ओळखतात, पण पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजचे ते प्रमुख होते आणि शिक्षकांसाठी 'शालापत्रक' चालवत होते. त्यांच्यावर वेगळा धागा हवा.

निशिगंधा_प

तसं मी कुठं म्हटलंय, शंकासूर? एकाच वर्षी दोन टोकांना काय चाललं होतं, एवढंच.

कृष्णशास्त्रींचा धागा तुम्हीच काढा. प्रतीक्षेत.

डीएड_दुसरं_वर्ष

सर, मी डी.एल.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. धागा मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकला. परवा माझा सराव पाठ आहे, इयत्ता पाचवी, अपूर्णांकांची बेरीज. टाचण तीनदा लिहिलं, मॅडमनी तिन्ही वेळा 'पूर्वज्ञानाचे प्रश्न अपुरे' असा शेरा मारला. पिअर्स सर असते तर काय म्हणाले असते?

खडू_आणि_डस्टर

बाळा, ते म्हणाले असते की तुला स्वतःला छेद समान का करायचा ते माहीत आहे का, आधी ते सांग. नियम नको सांगू, का ते सांग. पुस्तक बंद करून, खडू न घेता. ते सांगता आलं की पूर्वज्ञानाचे प्रश्न आपोआप सुचतात, कारण कुठली पायरी कुठल्या पायरीवर उभी आहे ते तुला दिसतं.

एक कर. आज रात्री मैत्रिणीला समोर बसव आणि तिला पाचवीतली मुलगी व्हायला सांग. खरीखुरी, हट्टी. प्रत्येक वाक्याला 'का?' विचारायचं. मग जागा बदला, ती बाई आणि तू मुलगी.

सांगलीकर_मास्तर

आणि भाकरी घेऊन जा वर्गात. पोळी नको, पोळी फाटते. अर्धी भाकरी आणि पाव भाकरी मिळून किती, हे पोरं तोंडी सांगतात. मग विचार, अर्धीचे दोन पाव कधी झाले? तिथं छेद आला. गुरव गुरुजींचा पाठ आहे हा, माझा नाही.

बॉस्टनचा_बंडू

माझी मुलगी पाचवीतच आहे आणि अपूर्णांकांवर रडते. आज रात्री भाकरी.

डीएड_दुसरं_वर्ष

पाठ झाला! मैत्रिणीनं रात्री एवढं 'का' विचारलं की मी चिडले, मग जागा बदलली तर तिलाही तिसऱ्या 'का'ला उत्तर येईना. भाकरी आईनं करून दिली. वर्गात मागच्या बाकावरच्या मुलानं विचारलं, 'बाई, दोन भाकऱ्यांचा आकार सारखा नसेल तर?' मी टाचणात हे लिहिलंच नव्हतं. दोन मिनिटं वर्गच त्यावर भांडला, मी गप्प उभी होते. मॅडमनी शेरा दिला: 'वेळेचे नियोजन चुकले, स्थिरीकरण राहिले.' आणि खाली पेन्सिलनं बारीक: 'भाकरीचा प्रश्न छान.'

भाकरी मुलांनी तासानंतर खाल्ली.